कामाचं बोला

वकिलाकडं पहिल्यांदा जाताना माणूस काय काय घरीच ठेवून येतो, ते मला विचारा. वकिलाच्या मुन्शीइतकं ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. वकील आत टेबलामागं बसतो. त्याच्यासमोर माणूस केस विंचरून, बोलणं घोकून जातो. मुन्शी बाहेर ओसरीत बसतो, आणि त्याच्यासमोर तोच माणूस चप्पल काढतो, पाणी मागतो, बायकोवर खेकसतो, पिशवी उपडी करतो. खरा पक्षकार मला दिसायचा, साहेबांना दिसायचा तो मी तयार करून आत पाठवलेला. हे मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो. आता तेवढ्या ऐटीत सांगत नाही. त्याचं कारण सोजरबाई. तिचं सांगतोच, पण आधी धंदा काय असतो ते थोडं ऐका.

मी मूळचा लोह्याचा. नांदेडच्या कोर्टात मुन्शीगिरी शिकलो. मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून. तारखा लिहायच्या, नकला काढायच्या, फायली सांभाळायच्या, पक्षकाराला थोपवून धरायचं आणि साहेबांची चिडचिड झेलायची. लातूर जिल्हा नवा झाला तसं तिकडं कोर्टाचं काम वाढलं, सासुरवाडीही लातूरचीच, म्हणून बाडबिस्तरा उचलला आणि काझीसाहेबांच्या ओसरीत येऊन बसलो. उठलो ते तेवीस वर्षांनी, गुडघे गेले तेव्हा.

काझीसाहेब लातूरचे जुने वकील. निजामाच्या राज्यातले उर्दू कागद घडाघडा वाचायचे. त्यांच्या कपाटात कायद्याच्या पुस्तकांच्या बरोबरीनं जुनी पंचांगं रचून ठेवलेली. नवा माणूस बघून चकित व्हायचा, काझी वकिलाकडं पंचांगं कशाला? साहेब म्हणायचे, "माझ्या पक्षकाराला तारीख ठाऊक नसते, पण बैल कोणत्या पंचमीला घेतला ते ठाऊक असतं. मग मी काय शिकायचं, सांगा."

जिल्हा झाला त्या वर्षी लातुरात वकिलांच्या पाट्याच पाट्या झाल्या. पुण्याचे आले, औरंगाबादचे आले. लोक गोंधळून जायचे. कुणी कोट बघून वकील धरायचा, कुणी आवाज ऐकून. एका पाटलांनी मला ओसरीत येऊन विचारलं, "तुमचा वकील कोर्टात वरडतो का?" मी म्हणालो, "माझ्यावर वरडतो. कोर्टात न्हाई." पाटील गेले ते परत आले नाहीत. एखाद्या ओरडणाऱ्याकडं गेले असतील. आजही कुणी विचारलं तर मी सांगतो, बाबा, एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर बस. कोण उभा राहिला की न्यायाधीश पेन खाली ठेवून ऐकतात, ते बघ. आणि जो वकील पहिल्या भेटीत "बघून सांगतो" म्हणेल, त्याला सोडू नको. छातीवर हात मारून जिंकून देतो म्हणणाऱ्याला दुरून राम राम.

तर पहिली भेट. लोकांना वाटतं वकिलाकडं चांगले कागद न्यायचे असतात. नांदेडला असताना अर्धापूरचा एक बागायतदार यायचा, दर वेळी केळीचा घड घेऊन. कागद मात्र दर वेळी घरी. एकदा मी वैतागून म्हणालो, "दादा, केळी घरी ठेवा आणि कागद आणा," तर पुढच्या खेपेला केळीही नाही आणि कागदही नाही, तोंड पाडून बसला. दुसरे एक गुरुजी होते. आलेली नोटीस त्यांनी घरी देवळीत ठेवली आणि आपल्या बाजूचे तेवढे कागद पिनअप करून आणले. नोटीस कुठं विचारलं तर म्हणाले, "तो वाईट कागद आहे हो, तो कशाला दाखवायचा!" अहो, वाईट कागदासाठीच तर वकील करायचा! डॉक्टरकडं जाताना दुखरा पाय घरी ठेवतो का कुणी?

आणि शहाणा माणूस. प्रत्येक गावात एक असतो. ज्याचं प्रकरण आहे तो गप्प, आणि हा शहाणा पुढं सरकून बोलून राहिला. मी त्याला चहाला पाठवायचो. चहावाल्याला सांगून ठेवलेलं होतं, पांढऱ्या टोपीतला माणूस मी पाठवला की आधी त्याचं राजकारण ऐकून घ्यायचं, चहा नंतर.

हे सगळं मी उत्तम करायचो. खोटं कशाला बोलू? माझी एक चाळणी ठरलेली होती. माणूस बोलायला लागला की मी दोन मिनिटं ऐकायचो आणि म्हणायचो, "ते राहू द्या, कामाचं बोला." दिवसाला वीस वेळा तरी तोंडातून निघायचं. साहेबांचा वेळ वाचतो, फायलीत मुद्दा येतो, सगळं कसं चोख. या पाच शब्दांचा मला गर्व होता.

सोजरबाई आली ती एकटी. वय चाळिशीच्या आसपास, उन्हात रापलेली, हिरवं लुगडं, काखेत पिशवी. बरोबर शहाणा माणूस नाही हे बघून मला बरं वाटलं. पिशवीत एकच कागद होता, तलाठ्याकडचा उतारा, चार घड्या घातलेला.

"कशाबद्दल आलात बाई?"

"शेताबद्दल. माझं चार एकर हाय. दिरानं घेतलं."

"कसं घेतलं?"

"मी सोडून दिलं म्हणून कागद केलाय. मी न्हाई दिलं."

इतकं ठीक चाललं होतं. तिचा नवरा दुष्काळाच्या आदल्या वर्षी वारलेला. त्याच्या वाट्याचं चार एकर तिच्या नावावर लागलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती माहेरच्या माणसांबरोबर दूर निघून गेली, आणि परत आली तेव्हा उताऱ्यावर दिराचं नाव. तिनं रजिस्टर कचेरीत येऊन, दोन साक्षीदारांसमोर, अंगठा देऊन हक्क सोडला, असा कागद केलेला होता, आणि त्याची तारखेसह नोंद उताऱ्यावर होती. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. मी कपाळाला हात लावला. जमिनीच्या ताब्याचा दावा बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. त्यानंतर आलात तर देवही काही करू शकत नाही.

"अकरा वर्षं काय करत होतात बाई? झोपला होतात का?"

ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "मी तिकडं माळावर होते. तळ्यावर. मुरूम उचलायचो आमी. आधी खडी फोडली, मग मुरूम. मुकादम लई खवीस होता..."

"ते राहू द्या. कामाचं बोला."

"हाव," म्हणाली आणि नीट मांडी घालून बसली. "तर खडी फोडायला आमाला आधी बाभळीपाशी बसीवलं. तिथं सावली नव्हती. मग सरकारची सुकडी खायला यायला लागली. आधी मिलोची, लाल जवारीची भाकर..."

माझं डोकं फिरलं. "अहो बाई, हे नाही. कामाचं बोला, कामाचं!"

"कामाचंच तर बोलून राहिले की!"

"काय कामाचं? खडीनं तुमचं शेत परत येणार आहे का?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मी सांगितलं ते ती करत होती आणि मी तरी ओरडत होतो. मी कागदावर पाच ओळींत प्रकरण उतरवलं आणि तिला बजावलं, "आत साहेबांना एवढंच सांगायचं. मी अंगठा दिला नाही, मी गावात नव्हते. बस्स." तिनं मान हलवली.

आत तिनं तेवढंच सांगितलं. पोपटासारखं. साहेबांनी माझा कागद वाचला, उतारा बघितला, चष्मा काढला. म्हणाले, "बाई, नोंदलेला कागद आहे. दोन साक्षीदार आहेत. तुम्ही नाही म्हणता, ते हो म्हणतात. कोर्ट तुमचं का ऐकेल? अंगठा तपासून घेऊ, पण अकरा वर्षांपूर्वीची शाई, काय निघेल सांगता येत नाही." आणि मग तोच प्रश्न, माझ्यासारखा ओरडून नाही, हळू आवाजात, "इतके दिवस का थांबलात?"

ती पुन्हा पायाकडं बघत राहिली. साहेबांनी जरा वाट बघितली आणि विषय सोडला.

बाई उठली. दारापर्यंत गेली. मग वळून म्हणाली, "साहेब, कामाचं बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

मी पुढं झालो. "अहो, झालं ना आता..."

"मुन्शीजी," साहेब म्हणाले, "जरा सब्र करा. बसा बाई. कोणतं काम?"

"दुष्काळाचं काम. मी कामावर हुते ना. ह्ये म्हणले कामाचं बोला, म्हणून मी बोलाया लागले, तर ह्येच वरडाया लागले." आणि माझ्याकडं बोट!

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दुष्काळात आमच्याकडं 'काम' हा शब्द दुसऱ्या कशाला वापरतच नव्हते. काम म्हणजे सरकारनं काढलेलं दुष्काळी काम. तळी, रस्ते, खडी. "कुठं गेली?" "कामावर." "कवा येणार?" "काम बंद झाल्यावर." मी स्वतः दुष्काळात नांदेडला कोर्टाच्या सावलीत बसलेलो, आणि माझी सख्खी चुलती लोह्याजवळ कामावर होती, तरी मला उमजू नये? बाईला मी दोनदा सांगितलं कामाचं बोला, आणि तिनं प्रामाणिकपणे कामाचंच सांगितलं. लाजेनं मला तिथं बसवेना.

साहेब मात्र सरळ होऊन बसले. उताऱ्यावरची त्या कागदाची तारीख बघितली आणि उठून कपाटातून त्या सालचं पंचांग काढलं. पानं उलटता उलटता थांबले. "बाई, त्या वर्षी येळवसच्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूरकडं त्या दिवशी सारा गाव शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांना चुना लावून पूजा मांडायची, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घ्यायचे आणि येईल त्याला वाढायचं. त्या दिवशी इथल्या माणसाला कुठं होतास विचारलं तर दहा वर्षांपूर्वीचंही सांगतो.

"कामावरच हुते," ती म्हणाली. "बरीचशी टोळी सुट्टी घेऊन घरी गेली. ज्यांची शेतं जवळ हुती ती गेली. रानात काय बी नव्हतं, पण सण हाय म्हणून गेली. माझं शेत लांब. मी जाऊन काय करू? आमी सातजणी ऱ्हायलो. खडीतलेच पाच दगड मांडले. चुना कुठला! राख लावली. सुकडीचा निवद दाखवला." आणि बाई रडली. अंगठ्याबद्दल बोलताना नव्हती रडली. "पोर तिकडं जावंपाशी, दिराच्या घरी हुती. सात वर्साची. तिनं त्या दिशी काय खाल्लं आसंल, हेच डोक्यात हुतं दिसभर."

साहेबांनी उतारा माझ्याकडं सरकवला. हक्क सोडल्याचा तो कागद बरोब्बर येळवसच्या दिवशी नोंदलेला होता. म्हणजे कागद म्हणतो बाई तालुक्याच्या कचेरीत होती, आणि बाई म्हणते मी चाळीस मैलांवर खडीपाशी होते. दुष्काळी कामावर हजेरीपट असतो. रोजची हजेरी, एकेका नावापुढं खूण. तो सापडला तर शेत परत. नाही सापडला तर बाईचा नुसता शब्द.

साहेब म्हणाले, "मुन्शीजी, तुम्ही जाणार." हे ते नुसतंच म्हणाले, रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

आता ऐका गंमत. जिल्हा नवा झालेला, आणि दुष्काळातला कागद जुन्या जिल्ह्याच्या गावी. तिथं वाटणी चाललेली. कोणत्या तालुक्याचा बस्ता नव्या जिल्ह्याला द्यायचा, कोणता ठेवायचा, कोणता रद्दीत काढायचा. लाल फडक्यात बांधलेले बस्ते व्हरांड्यात छताला टेकलेले. तिथल्या दप्तरी कारकुनाला मी नमस्कार केला. पान चघळत तो म्हणाला, "दुष्काळाचं? ते तर आता निकालात काढून राहिलोत. पुढच्या आठवड्यात गाडी येणार हाय."

मी पायच धरायचे बाकी ठेवले होते. माणूस चांगला निघाला. म्हणाला, "त्यो कोपरा तुमचा. हुडका." तीन दिवस मी त्या कोपऱ्यात होतो. रस्त्यांची हजेरी, विहिरींची हजेरी, नालाबंडिंगची हजेरी. पानोपानी अंगठे. निळे, काळे, जांभळे. माझ्या आयुष्यात मी इतके अंगठे एकत्र बघितले नव्हते. कोर्टात आपण म्हणतो निशाणी अंगठा, आणि पान उलटतो. इथं पान उलटवेना. सारा मुलूखच त्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. मी सर्दीनं शिंकत होतो आणि मधूनच डोळे पुसत होतो, त्यातलं धुळीनं किती आणि कशानं किती, सांगता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तळ्याचा बस्ता सापडला. त्यावर माठ ठेवलेला होता, त्यामुळं वरची चार पानं ओली होऊन एकमेकांना चिकटलेली. मी ती नखानं सोडवत बसलो. सहाव्या टोळीत नाव मिळालं. सोजरबाई, पुढं नवऱ्याचं नाव, गाव. तिच्या ओळीवर बोट ठेवून तारखा मोजत गेलो. एका जागी गैरहजेरीची फुली दिसली. पुन्हा मोजलं. फुली दोन दिवस आधीची होती. येळवसच्या रकान्यात साऱ्या टोळीपुढं फुल्याच फुल्या, आणि मधे सात जागी हजेरीची खूण. सातांतली एक तिची.

मी मोठ्यानं "हाय, हाय!" म्हणून ओरडलो. दप्तरी कारकून धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला.

दावा मुदतीत लागला. कोर्टानं तो हजेरीपट मागवून घेतला. अंगठा तपासणाऱ्या तज्ज्ञानं लिहून दिलं की कागदावरचा ठसा फिसकटलेला आहे, कुणाचा ते सांगता येत नाही. म्हणजे सगळा भार हजेरीवर आला. तारखांवर तारखा पडत गेल्या. चार वर्षं. दर तारखेला सोजरबाई एसटीनं यायची, ओसरीत बसायची. मी तिला आपणहून विचारायचो, "काय म्हणता बाई, काय विशेष?" आणि ती सांगायची. लेकीचं सांगायची. लेकीचं लग्न आमच्याकडं यायच्या आधीच्या उन्हाळ्यात झालेलं. जावयाचं कौतुक, लेकीच्या हातच्या भाकरीचं कौतुक. मी मधे बोलत नव्हतो. खरं म्हणजे बोलायची हिंमत नव्हती.

समोरचे वकील तरुण होते, पुण्याला शिकून आलेले, हुशार. त्यांनी उलटतपासणीत नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. हजेरीपटातली सोजरबाई हीच कशावरून? मुकादम कुणाच्याही नावापुढं खूण करत असेल. नाव हिचं, पण खडी फोडणारी भलतीच बाई असेल. दुष्काळात असं होतही होतं, हे आम्हालाही ठाऊक होतं. काझीसाहेब उठायच्या आत न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण कोण होतं, आठवतं का?"

सोजरबाईनं पदर सावरला आणि बोटं मोजायला घेतली. "शेवंता. तिची सासू काशीबाई. पारूबाई, ती बाळंतीन हुती, तिला जाता येत न्हवतं. मुक्ता. आनशी. नागरबाई, ती आता न्हाई. आन् मी."

न्यायाधीशांची पेन्सिल हजेरीपटावर एकेका खुणेपाशी थांबत खाली उतरत होती. सातव्या खुणेपाशी थांबली आणि त्यांनी ती खाली ठेवली. तरुण वकील कागद मिटून खाली बसले. बाहेर आल्यावर त्यांनी साहेबांना वाकून नमस्कार केला. चांगल्या घरचा मुलगा.

निकाल बाईच्या बाजूनं लागला. कागद रद्द, चार एकराचा ताबा बाईला. दिरानं अपील केलं नाही. कामून केलं नाही, हे आम्हाला तेव्हा कोडंच होतं. साहेब म्हणाले, थकला असेल.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब गेले, दीर गेला, आता सोजरबाईही नाही, आणि जिचं पुढं सांगतोय ती बाईही नाही. म्हणून लिहितोय.

ताबा देताना कोर्टाचा बेलीफ शेतावर जातो. पंच बोलावतो, चतुःसीमा वाचतो, पंचनामा लिहितो आणि ताबा मिळाल्याच्या पावतीवर अंगठा घेतो. साहेबांनी मला बरोबर पाठवलं. दीर सकाळीच शेजारच्या गावी निघून गेला होता. त्याच्या घरचं कुणी येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. बेलीफ आणि पंच लिंबाखाली बसून पंचनामा लिहीत होते. मी पावतीचे कागद भरत बांधावर, सोजरबाई शेजारी. ती मातीकडं बघत होती. इतक्यात गावाकडून एक बाई डोक्यावर घागर घेऊन आली. मला वाटलं पंचांना पाणी आणलं असेल. ती सरळ आमच्याकडं आली, घागर उतरवली आणि सोजरबाईसमोर उभी राहिली. ती जाऊ होती, दिराची बायको.

"बाई," ती म्हणाली, "त्यो आंगठा माझा हुता."

सोजरबाईनं मातीचं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. म्हणाली, "ठाव हाय."

"कवापासून?"

"काम बंद झालं आन् मी पोरीला न्यायला आले, तवापासून. तू पोरीला माझ्या हवाली केलीस आन् डावा हात पदराखालीच ठिवलास. समदा येळ. मला तवाच उमगलं."

जाऊ रडायला लागली. "आमचे मालक मला येळवसला कचेरीत घिऊन गेले. सोजर म्हणून नाव सांग म्हणले. हात लटलटा कापत हुता, म्हणून त्यो फिसकटला. धा-बारा दिस शाई निघाली न्हाई ग. घासून घासून कातडं निघालं, तरी मला दिसायची."

आता मला राहवेना. इतक्या वर्षांची मुन्शीगिरी तोंडाशी आली. "अहो बाई," मी सोजरबाईला म्हणालो, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर या बाईला साक्षीला बोलावलं असतं. चार वर्षांचं काम चार महिन्यांत झालं असतं! वकिलाला सगळं सांगायचं असतं!"

"सांगितलं आसतं तर तुमी लिवलं आसतं," ती म्हणाली. "लिवलं की फौजदार आला. आन् हिला जेलात घातलं आसतं. दुसऱ्याच्या नावानं आंगठा दिला म्हणून." मग म्हणाली, "मुन्शीदादा, माझी पोर दुष्काळात हिच्या चुलीवर जेवली. हिची दोन लेकरं हुती. घरात एका भाकरीचं पीठ आसलं तर आर्धी माझ्या पोरीला द्यायची, मग तिच्या दोघांला. पोरीनंच सांगितलं मला. पोरीचं लगीन होऊस्तोवर हिच्या घराशी मी कोर्ट कसं करू? पोरीला कोण मागं उभं राहिलं आसतं? हळद हिनंच लावली."

म्हणजे अकरा वर्षं ती झोपली नव्हती. मी तिला ओसरीत काय म्हणालो होतो, ते आठवलं आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेत हातचं जाईल हे तिला समजत होतं. मुदत कवा संपते हेही तिनं कुठून तरी विचारून ठेवलेलं होतं. सहा महिने उरले तेव्हा ती आली, आणि शेत सोडवायला लागेल तेवढं सगळं बोलली. हे एवढंच बोलली नाही. काझीसाहेबांसारख्या माणसानं हळू आवाजात विचारलं तरी बोलली नाही.

जाऊनं माझ्या हातातल्या कागदांकडं बघितलं. पेन तसंच उघडं होतं. "दादा," ती हळूच म्हणाली, "आता मला धरत्याल का?"

लिंबाखालून बेलीफ ओरडला, "मुन्शीजी, काय म्हणून राहिल्यात हो बाया तिकडं? काही लिहायचं हाय का?"

मी पेनाला टोपण लावलं.

"काही नाही," मी ओरडून सांगितलं. "पाणी पिता का, म्हणून विचारून राहिल्यात."